सणापुरती

बाहुल्यांची पेटी उघडली की आधी कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांचा कडवट वास येतो, त्यामागून कापराचा, आणि अगदी शेवटी, पानं आणि जुन्या वर्तमानपत्रांचे कपटे बाजूला सारल्यावर, रंगवलेल्या मातीचा तो थंड, किंचित ओलसर वास, जो माझ्या लेखी नवरात्राचाच वास आहे. तंजावुरात त्या सुमाराला ऊन पिवळं असतं, पण त्याची धार गेलेली असते. दुपारनंतर पूर्वेकडे ढग जमू लागतात, पापनाशमच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याला भातखाचरांतल्या चिखलाचा गंध असतो, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, नऊ दिवस लाकडी पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या म्हणून, घरोघरी माळ्यावरून पेट्या उतरवल्याचे आवाज ऐकू येतात. मागच्या वर्षी आमच्या घरची पेटी निरोशानं उघडली. ती गुडघे टेकून बसली होती. एकेक बाहुली दोन्ही हातांनी उचलायची, तिच्यावरचा कागद हलकेच सोलायची, फुंकर घालून पाटावर ठेवायची. मान डोलवणाऱ्या नर्तकीपाशी मात्र ती थांबली, आणि बाहुलीची मान हलायची थांबेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली. तो क्षण मी फार वेळा आठवून पाहिला आहे. त्यात माझ्याविरुद्ध काहीच नाही. म्हणूनच बहुधा मी तिथून सुरुवात करतो.

निरोशा तेव्हा नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. तिचे आईवडील लंकेतल्या लढाईच्या काळात समुद्र ओलांडून आलेले. तिचा जन्म इकडच्या निर्वासितांच्या छावणीतला, म्हणजे जिथं जन्मली त्या देशाची ती नव्हती, आणि ज्या देशाची होती तो तिनं कधी पाहिला नव्हता. आई तापानं गेली. वडील आणखी दूरच्या कुठल्याशा देशाच्या आशेनं होडीत बसले आणि त्यांचा निरोप पुन्हा आला नाही. मग छावणीतून तिला आमच्या गावातल्या मुलींच्या बालगृहात आणलं गेलं आणि ती तिथंच वाढली. पण बालगृहाचं दार अठराव्या वर्षी बाहेरच्या बाजूनं उघडतं. अशा मुलामुलींना त्यानंतरची दोन-तीन वर्षं राहायला जागा आणि शिक्षणाला आधार मिळावा म्हणून सरकारची योजना आहे, आणि आमच्या जिल्ह्यात त्या योजनेचे प्रस्ताव ज्याच्या टेबलावरून पुढे सरकतात, तो माणूस मी आहे.

निरोशाला गावातल्या एका इस्पितळात परिचारिकेच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला होता. दसरा झाला की वर्ग सुरू होणार होते. पहाटेच्या पाळीला हजर राहायचं तर गावात राहायला जागा हवी. ती मिळाली नाही तर तिला पुन्हा छावणीत जावं लागणार होतं, दूरच्या एका मामाच्या पत्र्याच्या खोलीत, जिथून इस्पितळाला रोज येणं अशक्य होतं. तिचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या एका शिफारशीवर अडलेलं होतं, आणि ती शिफारस करायला मला काहीही अडचण नव्हती. योजनेत कुठेही लिहिलेलं नव्हतं की मूल याच देशाचं असावं. पण लिहिलेलं नव्हतं, एवढंच; 'निर्वासितांनाही द्यावं' असंही लिहिलेलं नव्हतं. उद्या एखाद्या तपासनिसानं बोट ठेवलं तर? म्हणून नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसानं जे करावं तेच मी केलं. मी वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवलं. आमच्या खात्यात ही मोठी सभ्य पद्धत आहे. तिच्यात नकार द्यावा लागत नाही आणि होकाराची जबाबदारीही घ्यावी लागत नाही. फक्त थांबायचं असतं, आणि थांबतो दुसराच कोणीतरी.

त्याच आठवड्यात कामानिमित्त मी ओरत्तनाडूला गेलो होतो. जाताना जुन्या छत्राची, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेची, भिंत दिसली. लहानपणी वडील मला तिथं घेऊन येत आणि खांबांवरून हात फिरवत सांगत, "इथं येणाऱ्याला आधी पान वाढत, मग नाव विचारत. हे आपल्या राजांनी केलेलं, समजलास?" आपले मराठे राजे. आम्हीही तर बाहेरूनच आलेले, दूर उत्तरेकडून, हातात तलवार नाहीतर लेखणी घेऊन. पण इतक्या पिढ्यांनंतर आम्हांला कोणी कुठले म्हणून विचारत नाही, आणि म्हणून आम्ही ते स्वतःलाही विचारायचं सोडून दिलं आहे. मला तेव्हा वडील आठवले. निरोशाही आठवली असेल, पण मी जीपची काच वर केली, बाहेर धूळ फार होती.

बालगृहात तिच्या खाटेवर नवी मुलगी आली होती. उत्तर येईपर्यंत तिनं राहायचं कुठं, असं तिथल्या अधीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी मोठ्या मनानं म्हणालो की नवरात्र आमच्या घरी काढू दे. घरी आल्यावर पद्मानं, माझ्या पत्नीनं, तिला मुलाची खोली दिली. आमचा कार्तिक त्याच वर्षी कोइमतूरला कॉलेजात गेला होता. तोही अठराचाच, आणि तांदूळ किती वेळ भिजवायचा हे विचारायला तो आईला दिवसातून दोनदा फोन करी. त्याच्या कपाटात त्याचे लहानपणीचे बूटसुद्धा आम्ही जपून ठेवले होते. निरोशाची एक पिशवी त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात मावली आणि कप्पा अर्धा रिकामा राहिला.

पहिल्याच दिवशी पद्मानं तिला कॉफी हवी का विचारलं, तेव्हा ती पटकन "ओम" म्हणाली. लंकेकडच्या तमिळीत होकार असा देतात; आमच्याकडे "आमा" म्हणतात. पद्मा हसली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "ओम म्हणे! पूजेला बसलीय जणू." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर निरोशा आमच्या घरात नेहमी "आमा" म्हणाली.

इथं मराठीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात मराठी ही जितकी बोलण्याची भाषा आहे तितकीच ती लपण्याचीही आहे. भाजीवाल्यासमोर भाव पटला की नाही हे आम्ही मराठीत ठरवतो. पाहुण्याच्या पाठीमागे नव्हे, त्याच्या तोंडासमोर, हसऱ्या चेहऱ्यानं, तो आणखी किती वेळ बसणार याची चर्चा मराठीत करतो. लहानपणापासून ही सवय आहे. भोवती सगळं तमिळ, आणि मध्ये आमचा हा झिरझिरीत पडदा, ज्याच्या आड आपण कोणाला दिसत नाही अशी आमची खात्री. निरोशाबद्दलही आम्ही तसंच बोलत होतो. जेवते किती कमी, केस किती लांब आहेत, बाप खरोखरच गेला असेल की दुसरं लग्न करून बसला असेल. ती तिथंच असायची, पायऱ्यांवर बाहुल्या मांडत, डोकं खाली घालून.

मांडणी तिनं सुरेख केली. सगळ्यात खाली वाण्याचं दुकान, त्याच्यापुढे खऱ्या डाळीतांदळाच्या चिमुकल्या राशी, वर देव, आणि अगदी मधल्या पायरीवर ती नर्तकी. बालगृहात म्हणे लोकांनी दिलेल्या मोडक्या बाहुल्या असत. तुटका हात भिंतीकडे करून कसं ठेवायचं हे तिला माहीत होतं. आमच्याही एका सैनिकाचा हात तिनं असाच लपवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पद्माची वहिनी हळदीकुंकवाला आली. मोगऱ्याचा वास, समईच्या तेलाचा वास, स्वयंपाकघरातून सुंडलाचा, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांच्या उसळीचा, फोडणीचा, खोबऱ्याचा वास. निरोशा सुंडलाच्या वाट्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तशी वहिनीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मराठीत विचारलं, "ही कोण गे? नवीन?"

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. ज्या मुलीचं प्रकरण माझ्या टेबलावर आहे तिलाच मी घरी ठेवून घेतलं, हे कार्यालयात कळलं तर. वहिनीनं छावणी म्हटल्यावर नाक मुरडलं तर. मग जात, मग बाप, मग हजार प्रश्न. एवढं सगळं मनात येऊन जायला एक निमिषही लागलं नसेल. मी म्हणालो, "कामाला ठेवलीय. सणापुरती."

"बरं केलंत. पद्माला एकटीला होत नाही," वहिनी म्हणाली आणि वाटी उचलली. निरोशानं ताट पुढच्या बाईसमोर धरलं. ताट जराही हललं नाही.

त्या रात्रीपासून ती आमच्यानंतर जेवू लागली, स्वयंपाकघरात, खाली बसून. सकाळी पाहिलं तर तिची पिशवी कार्तिकच्या कपाटातून निघून मागच्या पडवीत, धान्याच्या डब्यांशेजारी गेली होती. पाहुणे आले की ती भिंतीला धरून उभी राही, त्यांच्या चपला दारात नीट लावून ठेवी. पद्मानं एकदा "बैस की" म्हटलं, तर तिनं नुसती मान हलवली. "गुणी आहे हो पोर," पद्मा मला मराठीत म्हणाली, तिच्यासमोरच. "सांगावं लागत नाही." आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. एखादा माणूस आपली जागा आपणच ओळखतो तेव्हा किती सोपं होतं सगळं, असंच काहीसं वाटलं. ती जागा तिला कोणी दाखवली हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

अंबुजाक्का आली ती अष्टमीला. अक्का आमच्याच गल्लीतली; बालगृहाची मेट्रन म्हणून तिनं आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर कुंभकोणमला भावाकडे जाऊन राहिली. सणाला ती माहेरी आल्यासारखी गल्लीत येते आणि घरोघर बाहुल्या बघत प्रत्येकाला काहीतरी टोचून जाते. आल्या आल्या तिनं पायऱ्यांकडे पाहिलं.

"यंदा तुझी नर्तकी शुद्धीवर आहे गे पद्मा. मागल्या वर्षी ताडी प्यायल्यासारखी कलली होती. कोणी मांडलंय हे? तुझं काम नव्हे हे."

पद्मा हसत कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाली. तेवढ्यात आतून निरोशा ताट घेऊन आली, आणि अक्का जागची उठलीच.

"अगे माझ्या बाई! निरू! तू इथं कोठें?"

"अक्का!" निरोशाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आठ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ये, इकडे ये. काय झालीस ही, गळ्याचं हाड दिसतंय. जेवलीस की नाही?"

"जेवतें मागून," निरोशा म्हणाली. "घरच्यांचं सगळ्यांचं झाल्यावर."

ती मराठीत म्हणाली. आमच्या गल्लीच्या मराठीत. आजी म्हणायची तसं ते 'जेवतें', शेवटी थोडं लांबवलेलं, तमिळ हेल असलेलं, निर्मळ. पद्माचं कुंकवाचं बोट हवेत तसंच राहिलं.

"मागून कां?" अक्कानं विचारलं. "तू काय इथं कामाला आहेस?"

निरोशानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मी सांगितलं होतं तेच उत्तर द्यायचं ना, एवढंच ती जणू विचारून घेत होती. मग ती अक्काला म्हणाली, "सणापुरती."

माझाच शब्द, तेवढ्याच हलक्या आवाजात, जिथून उचलला होता तिथंच तिनं परत आणून ठेवला.

अक्का आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. बालगृहात आयुष्य गेलेल्या बाईला घरातली शांतता वाचता येते. "ही तापात माझ्या मांडीवर पडायची," ती पद्माला म्हणाली. "पोर फणफणत असताना मी काय तमिळ शोधत बसूं? रागात नि मायेत मला मराठीच येतं. सगळं कळतं हिला. कार्तिकपेक्षा बरं बोलते ही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि वासू, हिच्या राहण्याचं काय केलंस? तुझ्याचकडे आहे ना ते?"

"वरून उत्तर यायचंय, अक्का."

"वर कोण बसलंय? देव?"

"मार्गदर्शन मागवलंय."

"कोणी नको म्हटलं होतं तुला?"

मी समईची वात पुढे सारली.

"कोणी नको म्हटलं नव्हतं, तरी विचारायला गेलास," अक्का सावकाश म्हणाली. "कोणीतरी नको म्हणावं म्हणून."

बाहेर पहिले थेंब पत्र्यावर वाजू लागले होते. "सुंडल गार होतंय, अक्का," निरोशा म्हणाली आणि ताट पुढे केलं. त्या क्षणी मला वाचवणारी तीच होती, हे मी विसरू शकत नाही. आधीचे पाच दिवसही ती तेच करत होती. मी पाहुण्यांसमोर जे खोटं बोललो ते उघडं पडू नये म्हणून ती मुलगी ते खोटं जगत होती. मागून जेवून, पडवीत झोपून, चपला लावून तिनं आमच्या घराची अब्रू सांभाळली, आणि आम्ही तिला गुणी म्हणालो.

दसऱ्याच्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे एक बाहुली पायरीवर आडवी करून निजवतात. सण संपला, असं देवांना सांगायचं. पद्मानं त्या दिवशी निरोशाचं पान आपल्या शेजारी मांडलं आणि ती जेवायला बसलीही. जेवताना पद्मा तिच्याशी काहीतरी बोलू पाहत होती, अडखळत, तमिळीत. मराठीत क्षमा मागायचं धाडस तिला झालं नाही. मला तर कुठल्याच भाषेत झालं नाही. "असू दे आंटी," निरोशा तमिळीतच म्हणाली आणि रसम वाढून घेतलं. आमच्याशी ती मराठीत एक अक्षरही बोलली नाही. आमच्यासमोर ती अक्काशी जी भाषा बोलली होती तीच ही, आमची, पण तिला ती आमच्याकडून मिळालेली नव्हती आणि आमच्यावर खर्च करायची तिला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तिला घेऊन गेली. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत गल्लीतल्याच एका ओळखीच्या घरी ठेवते म्हणाली. पद्मानं तिला कुंकू लावलं, साडी दिली. उंबऱ्यावरून निघणारा माणूस आमच्याकडे, मराठीत काय आणि तमिळीत काय, 'जाऊन येतो' म्हणतो; नुसतं 'जातो' कोणी म्हणत नाही, अशुभ वाटतं. निरोशानं दोघांना नमस्कार केला आणि म्हणाली, "पोरेन." जाते.

पहिल्याच कामाच्या दिवशी मी तिचा प्रस्ताव माझ्या जबाबदारीवर पुढे पाठवला. चार ओळी लिहायच्या होत्या. साहेबांनी सही केली ती कॉफी अजून कशी आली नाही हे विचारता विचारता; तिच्या देशाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या आठवड्यातच तिला नोकरदार मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि ती वर्गाला हजर झाली. वसतिगृहाला तिच्यासाठी कोणीतरी जबाबदार माणूस हवं होतं. मी माझं नाव सुचवलं. तिनं नम्रपणे सांगितलं की अक्कानं होकार दिला आहे. मी मागवलेल्या मार्गदर्शनाचं उत्तर अजूनही आलेलं नाही. माझं पत्र कोणी वाचलं तरी असेल का, कोण जाणे. एका मुलीच्या आणि तिच्या आयुष्याच्या मध्ये जी भिंत मला दिसत होती ती कोणत्याही कार्यालयात नव्हती; तिथं खुर्ची टाकून मीच बसलो होतो.

पोंगल होऊन गेल्यावर मी वसतिगृहात गेलो. अशा मुलांची विचारपूस करणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण पिशवीत पद्मानं दिलेला लाडवांचा डबा होता. दुपार कलत आली होती, अंगणातल्या कडुनिंबाखाली वाळत घातलेले पांढरे गणवेश वाऱ्यानं फुगत होते, जमिनीवर पानांच्या सावल्यांची जाळी हलत होती. दारावरच्या रखवालदारानं मला थांबवलं. कोणाला भेटायचंय, मी सांगितलं. मग त्यानं तमिळीत विचारलं, "तुम्ही तिचे कोण?"

साधा प्रश्न. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात निरोशा जिना उतरून येत होती, केस घट्ट बांधलेले, खिशाला पेन लावलेलं. तिनं प्रश्न ऐकला होता. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि रखवालदाराला म्हणाली, "ऑफिसातले सर."

तिच्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. ते खरंही होतं, आणि माझं तिच्याबद्दलचं वाक्य खोटं होतं, एवढाच दोहोंत फरक. रखवालदारानं मला बसायला लाकडी बाक दाखवला. आम्ही थोडं बोललो. सुई टोचायला आता हात कापत नाही म्हणाली. लाडवांचा डबा तिनं घेतला, उघडून वास घेतला, झाकण लावलं.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे, देवनागरीत, जी मला वडिलांनी शिकवली. आमच्या गल्लीत मराठी बोलणारे आहेत, वाचणारे फार थोडे. पद्मा हे वाचणार नाही, कार्तिकला अक्षरं लागत नाहीत. आणि निरोशाला, जिला यातलं वाक्य न् वाक्य ऐकून समजलं असतं, तिलाही वाचता येत नाही. म्हणजे कबुली द्यायलाही मी पुन्हा त्याच पडद्याआड येऊन बसलो आहे. हे लिहितानाच ध्यानात आलं.

यंदाचं नवरात्र आता दोन आठवड्यांवर आलं आहे. पेटी अजून माळ्यावरच आहे. पद्मा रोज एकदा तिच्याकडे पाहते. निरोशाला बोलवावं का, कोणत्या भाषेत बोलवावं, आणि आली तर कोण म्हणून यावं, हे आम्हां दोघांनाही एकमेकांना विचारता आलेलं नाही.

त्या दुपारी वसतिगृहाच्या दारातून निघताना सवयीनं माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "येतो." आमच्या घरांत यावर समोरचं माणूस 'या' म्हणतं. मी पायरीवर उभा राहिलो, ती म्हणेल म्हणून. निरोशा क्षणभर माझ्याकडे पाहत होती. मागे गणवेशांची ओळ वाऱ्यानं एकदम उचलली गेली आणि पुन्हा खाली आली. मग ती म्हणाली, "ओम."

आमचं 'आमा' नव्हे, आमचं 'या'ही नव्हे. तिच्या आईवडिलांचा होकार, जो माझ्या घरात पहिल्याच दिवशी तिनं आवरून ठेवला होता. तो माझ्या येण्याला होता की फक्त माझ्या जाण्याला, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.